जीसीसी, क्लँग, एमएसव्हीसी: टेस्ट बिल्ड तिन्हींवर एकसारखा ठेवायचा तर

जीसीसी, क्लँग आणि मायक्रोसॉफ्टचा एमएसव्हीसी हे सी++ चे तीन कंपायलर, म्हणजे कोडचं चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये रूपांतर करणारे. एखादी टेस्ट जीसीसीवर पास झाली आणि एमएसव्हीसीवर फेल, तर निदान शोधायला काहीतरी हाती असतं. जास्त फसवतात ते तिन्हीकडे हिरवे दिसणारे बिल्ड. एकीकडे असर्ट (अट मोडली की प्रोग्रॅम थांबवणाऱ्या ओळी) बंदच असतात, दुसरीकडे टेस्ट चालवणाऱ्या सीटेस्टला एकही टेस्ट सापडलेली नसते, तिसरीकडे सॅनिटायझर (प्रोग्रॅम चालताना चुका पकडणारी कंपायलरची सोय) लॉगमध्ये चूक छापून गप्प बसलेला असतो. कोड सगळीकडे कंपाइल करून घेणं ही या कामातली सोपी बाजू. हिरव्या खुणेचा अर्थ सगळीकडे एकच ठेवणं हे खरं काम.

खालची मांडणी सी++१७ मधली एक लायब्ररी, सीमेक (बिल्डची आखणी करणारं साधन) ३.२५ किंवा त्यापुढचं, निन्जा (ती आखणी प्रत्यक्ष चालवणारं), सीटेस्ट आणि गूगलटेस्ट (टेस्ट लिहायची लायब्ररी) धरून केली आहे. फ्लॅग (कंपायलरला द्यायच्या सूचना) आणि मॅक्रोंची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. फाइलमध्ये ती अर्थातच रोमनमध्ये जातील.

पायरी १: यादी ठरवा, आणि आकड्यांसकट ठरवा

‘आमचा कोड जीसीसीवर चालतो’ म्हणून भागत नाही. आवृत्ती कोणती, स्टँडर्ड लायब्ररी कोणती, सिस्टम कोणती, हे तिन्ही लिहून ठेवावं लागतं. सुरुवातीला एवढी यादी पुरते: उबुंटू २२.०४ वर जीसीसी ११ (रेड हॅटच्या आरएचईएल ९ या लिनक्सचा सिस्टम कंपायलरही ११ च आहे), उबुंटू २४.०४ वर जीसीसी १४, त्याच सिस्टमवर क्लँग १८ एकदा लिबएसटीडीसी++ (जीसीसीची स्टँडर्ड लायब्ररी) सोबत आणि एकदा लिबसी++ (क्लँगची स्वतःची) सोबत, आणि विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओ २०२२.

प्रत्येक कंपायलरची सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी आवृत्ती घ्या, मधल्या सोडा. जुन्या आवृत्तीत नवी सोय नसते, ते तिथे कळतं. नव्या आवृत्तीत हेडर एकमेकांना ओढून आणायचे थांबतात, ते तिथे कळतं. जीसीसी १३ मध्ये असंच झालं: ‘सीएसटीडीइंट’ हेडर स्वतः न घेता ‘यूइंट३२_टी’ वापरणारे कितीतरी प्रकल्प एका रात्रीत कंपाइल होईनासे झाले. त्याआधी जीसीसी ११ च्या वेळी ‘लिमिट्स’ हेडरने हाच प्रताप केला होता. दोन्ही वेळा चूक कोडची होती, जुन्या आवृत्त्या ती झाकत होत्या.

क्लँगच्या दोन ओळी कशाला, असं वाटू शकतं. पण लिनक्सवर क्लँग आपण होऊन जीसीसीचीच स्टँडर्ड लायब्ररी वापरतो. लिबसी++ वेगळी लावल्याशिवाय मॅकवरच्या वापरकर्त्यांना काय दिसणार आहे याचा अंदाज येत नाही. शिवाय अ‍ॅपल क्लँगचे आवृत्ती क्रमांक क्लँगच्या मूळ प्रकल्पाच्या, एलएलव्हीएमच्या, क्रमांकांशी जुळत नाहीत, आणि मॅकवर ‘जीसीसी’ ही कमांड दिली तरी क्लँगच उठतो. सीमेकसुद्धा ‘अ‍ॅपलक्लँग’ आणि ‘क्लँग’ ही दोन निराळी नावं मानतं. एका नावासाठी लिहिलेली अट दुसऱ्याला लागू होत नाही.

इथे एक खड्डा आहे. क्लँग मशीनवर सापडलेल्या जीसीसींपैकी सर्वांत वरच्या आवृत्तीची फोल्डर निवडतो. जीसीसी १४ टाकलाय पण जी++ १४ टाकलेला नाही, अशा मशीनवर त्याला ‘आयओस्ट्रीम’ हेडरच सापडत नाही आणि माणूस क्लँगला दोष देत बसतो. जी++ चं पॅकेज टाका, किंवा क्लँग १६ पासून मिळणाऱ्या ‘जीसीसी-इन्स्टॉल-डिर’ फ्लॅगने फोल्डर थेट सांगा.

सीआयच्या (बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणाऱ्या व्यवस्थेच्या) मशीनचं नाव ‘उबुंटू-लेटेस्ट’ असं कधीच लिहू नका. ते नाव कधीतरी पुढच्या उबुंटूवर सरकतं आणि तुमचा कंपायलर तुम्हाला न विचारता बदलतो.

पायरी २: भाषेची पातळी सगळीकडे एकच करा

सीमेकमध्ये तीन ओळी लागतात: स्टँडर्ड १७, ‘स्टँडर्ड-रिक्वायर्ड’ चालू, ‘एक्स्टेन्शन्स’ बंद. दुसरी ओळ नसेल तर कंपायलरला १७ जमत नसल्यास सीमेक मुकाट्याने खालच्या पातळीवर उतरतं. तिसरी नसेल तर जीसीसी आणि क्लँग ‘जीएनयू++१७’ मध्ये चालतात. त्या बोलीत लिनक्सवर ‘लिनक्स’ हे छोट्या अक्षरातलं नाव चक्क १ किमतीचा मॅक्रो असतं, म्हणजे त्या नावाचा व्हेरिएबल विंडोजवर चालतो आणि लिनक्सवर अगम्य एरर देतो.

एमएसव्हीसीला चार गोष्टी सांगाव्या लागतात. ‘परमिसिव्ह-मायनस’ दिलं की तो स्टँडर्डबाहेरचा ढिला कोड स्वीकारायचं थांबवतो. ‘झेडसी:सीप्लसप्लस’ दिलं नाही तर तो कोणत्याही पातळीवर स्वतःला १९९७ चाच म्हणवतो, त्या मॅक्रोची किंमत १९९७११ च राहते. त्यावर अवलंबून असलेल्या तुमच्या सगळ्या अटी चुकीच्या फांदीवर जातात. तिसरा ‘यूटीएफ-८’, त्याबद्दल पुढे सविस्तर. चौथा ‘ईएचएससी’, म्हणजे एक्सेप्शनची नेहमीची पद्धत. तो सीमेक स्वतःच घालतं, पण फ्लॅगची ओळ हाताने पूर्ण बदलली तर निघून जातो.

सीचा कोड सोबत असेल तर त्याचंही स्टँडर्ड ठरवा. जाहीर न केलेलं फंक्शन वापरणं क्लँग १६ आणि जीसीसी १४ पासून थेट एरर आहे, आणि जीसीसी १५ काही न सांगता सी२३ ची बोली धरतो.

पायरी ३: फ्लॅग दोन ढिगांत वाटा

बहुतेक प्रकल्पांचा गोंधळ इथे सुरू होतो. सगळे फ्लॅग एकाच ग्लोबल ओळीत कोंबलेले असतात, किंवा सगळे एकाच टार्गेटवर लावलेले असतात. दोन्ही चूक. नियम सोपा आहे: वॉर्निंग आपल्यापुरत्या, एबीआय (कंपाइल झालेले तुकडे एकमेकांशी जुळण्याची रचना) सगळ्यांना.

वॉर्निंगचे फ्लॅग एका ‘इंटरफेस’ लायब्ररीत ठेवा आणि आपल्या लायब्ररीला व टेस्टना ती ‘प्रायव्हेट’ म्हणून जोडा. मग सोबत बिल्ड होणाऱ्या गूगलटेस्टच्या वॉर्निंगमुळे तुमचा बिल्ड पडत नाही. उलट, ज्या फ्लॅगने ऑब्जेक्ट फाइलची रचना बदलते ते गूगलटेस्टसकट सगळ्यांना मिळालेच पाहिजेत: सॅनिटायझर, ‘एसटीडीलिब’ची निवड, ‘जीलिबसीएक्सएक्स-डीबग’ मॅक्रो, विंडोजवरचा रनटाइम. हे प्रीसेटमधून (नाव देऊन ठेवलेल्या सीमेकच्या सेटिंगमधून, पायरी ६) ग्लोबल द्यायचे.

चूक झाली की लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा) कुरकुरतो, आणि त्याचं बोलणं वाचता आलं पाहिजे. न सापडलेल्या नावात ‘एसटीडी::__१’ दिसलं तर तो तुकडा लिबसी++ वर बनलाय. ‘__सीएक्सएक्स११’ दिसलं तर लिबएसटीडीसी++ च्या २०१५ नंतरच्या, जीसीसी ५ पासूनच्या, रचनेवर. दोन्ही एकाच लॉगमध्ये असतील तर गूगलटेस्ट वेगळ्या लायब्ररीवर बिल्ड झालाय. विंडोजवर ‘एलएनके२०३८’ आणि सोबत ‘रनटाइमलायब्ररी’ हा शब्द आला तर ‘जीटेस्ट-फोर्स-शेअर्ड-सीआरटी’ चालू करायचं राहिलंय. म्हणूनच गूगलटेस्ट सिस्टमच्या पॅकेजमधून घेऊ नका. सीमेकच्या ‘फेचकंटेंट’ने ठरावीक टॅगवर (आवृत्तीवर) आणा आणि प्रत्येक कंपायलरने नव्याने बिल्ड करा. टॅग निवडताना लक्षात असू द्या: १.१३ ला किमान सी++१४ लागतं, १.१७ ला सी++१७.

पायरी ४: वॉर्निंगची भाषांतरं करू नका, समतोल साधा

‘डब्ल्यू-ऑल’ हे नाव तिघांकडे असलं तरी अर्थ एक नाही. जीसीसी आणि क्लँगमध्ये तो निवडक वॉर्निंगचा गठ्ठा आहे. एमएसव्हीसीमध्ये तो खरोखर ‘सगळ्या’ वॉर्निंग लावतो, मग स्टँडर्ड हेडरमधूनच शेकड्यांनी ओळी येतात. तिथे ‘डब्ल्यू४’ वापरा; जीसीसी-क्लँगवर ‘डब्ल्यू-ऑल’ आणि ‘डब्ल्यू-एक्स्ट्रा’.

एखादी वॉर्निंग बंद करायचा फ्लॅग कंपायलरला कळतो का, हे तपासताना जीसीसी हमखास फसवतो. ‘डब्ल्यू-नो-अमुक’ हा फ्लॅग त्याला माहीत नसला तरी तो गप्प राहतो, आणि दुसरी एखादी वॉर्निंग निघाली तरच त्याबद्दल बोलतो. सीमेकची चाचणी ‘चालतो’ म्हणते आणि महिन्याभराने लॉगमध्ये नको तो मजकूर दिसतो. म्हणून तपासणी नेहमी ‘नो’ काढून, सरळ रूपाची करा. सरळ रूप कळलं तरच ‘नो’ लावा.

वॉर्निंगला एरर मानणं सीआयपुरतंच ठेवा, आणि तेही आवृत्ती बांधलेल्या मशीनवर. सीमेक ३.२४ पासून ‘कंपाइल-वॉर्निंग-अ‍ॅज-एरर’ हे व्हेरिएबल आहे. कंपायलरनिहाय फ्लॅग त्याने स्वतः घालावेत. कोडमध्ये कायमचं लिहून ठेवलं तर पुढच्या वर्षीच्या कंपायलरवर तुमची लायब्ररी बिल्ड करणारा माणूस विनाकारण अडकतो.

पायरी ५: कंपायलर ओळखण्याचा क्रम

अट लिहावीच लागली तर आधी क्लँग तपासा, मग जीसीसी. क्लँग स्वतःला जीसीसी ४.२.१ म्हणवतो, म्हणून उलट क्रमात तो कायम ‘फार जुना जीसीसी’ ठरतो. विंडोजवरचा क्लँग-सीएल तसाच एमएसव्हीसीचा मॅक्रो मिरवतो, आणि सीमेकचं ‘एमएसव्हीसी’ व्हेरिएबलही त्याच्यासाठी खरं असतं. त्याहून बरं म्हणजे आवृत्तीचा आकडा न विचारता सोय आहे का तेच विचारणं: ‘हॅज-इन्क्लूड’ आणि ‘सीपीपी-लिब’ने सुरू होणारे मॅक्रो त्यासाठीच आहेत.

पायरी ६: प्रीसेट

प्रत्येक कंपायलर आणि कॉन्फिगरेशनच्या जोडीला एक प्रीसेट, आणि प्रत्येक प्रीसेटची बिल्ड फोल्डर वेगळी. फोल्डरच्या मार्गात प्रीसेटचं नावच घालावं. त्याच फोल्डरमध्ये ‘सीसी’, ‘सीएक्सएक्स’ बदलून पुन्हा सीमेक चालवलं तर काहीच बदलत नाही, कारण ती नावं पहिल्या कॉन्फिगरेशनलाच वाचली जातात. ‘मी तर क्लँग दिला होता’ या तक्रारींचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

एक लपवलेला मूळ प्रीसेट करा. त्यात जनरेटर, टेस्ट चालू आणि समान व्हेरिएबल. बाकीचे त्याचे वारस, फक्त कंपायलरचं नाव बदलणारे. फाइलची आवृत्ती ६ ठेवली की ‘वर्कफ्लो’ प्रीसेट मिळतो, म्हणजे कॉन्फिगर, बिल्ड आणि टेस्ट एका कमांडमध्ये. सीआयमध्ये दुसरी कुठलीही कमांड लिहू नका. घरच्या मशीनवर चालतं आणि सीआयवर नाही, असा वाद मग फ्लॅगवरून तरी होत नाही.

विंडोजवरही जनरेटर निन्जाच ठेवा. व्हिज्युअल स्टुडिओचा जनरेटर एका फोल्डरमध्ये सगळी कॉन्फिगरेशन ठेवतो, ‘बिल्ड-टाइप’ व्हेरिएबलकडे बघत नाही, आणि सीटेस्टला वेगळं कॉन्फिगरेशन सांगावं लागतं. निन्जासाठी आधी डेव्हलपर कमांड प्रॉम्प्टचं वातावरण चढवावं लागतं, एवढाच त्रास.

पायरी ७: असर्ट जिवंत आहेत का?

सीमेकचे ‘रिलीज’ आणि ‘रेलविथडेबइन्फो’ दोन्ही असर्ट बंद करणारा ‘एनडीबग’ मॅक्रो लावतात. त्यामुळे ‘असर्ट(पार्स(ओळ))’ असं टेस्टमध्ये लिहिलेलं असेल तर नुसती तपासणी जात नाही, पार्स करणारा कॉलच गायब होतो. टेस्ट पास, वेळही कमी! टेस्टमध्ये गूगलटेस्टचे ‘एक्स्पेक्ट’ वापरा. लायब्ररीच्या आतले असर्ट ऑप्टिमायझेशनसकट तपासायचे असतील तर प्रीसेटमध्ये ‘रेलविथडेबइन्फो’चे फ्लॅग लिहून त्यातून ‘एनडीबग’ काढा.

दुसरी विषमता स्टँडर्ड लायब्ररीतली. व्हेक्टरच्या सीमेबाहेरचा घटक वाचला तर एमएसव्हीसीचा डीबग बिल्ड तिथेच थांबतो. लिनक्सवरचा साधा डीबग बिल्ड बहुधा काहीतरी कचरा वाचून पुढे जातो. बरोबरी करायला जीसीसीकडे ‘जीलिबसीएक्सएक्स-असर्शन्स’ लावा (हा एबीआय बदलत नाही, ‘डीबग’वाला बदलतो), आणि लिबसी++ कडे १८ पासून मिळणारा हार्डनिंग मोड.

आणि एमएसव्हीसी थांबतो तो कसा? खिडकी उघडून: अबॉर्ट, रिट्राय, इग्नोर. सीआयवर ती दाबायला कोणी नसतं, जॉब वेळ संपेपर्यंत लटकतो. टेस्टच्या ‘मेन’मध्ये सीआरटीचा (विंडोजवरच्या सी रनटाइमचा) रिपोर्ट मोड स्टँडर्ड एररकडे वळवा आणि सीटेस्टला प्रत्येक टेस्टमागे १२० सेकंदांची मर्यादा द्या.

पायरी ८: जिथे कंपायलरही बरोबर आणि टेस्ट चुकीची

फेल झालेल्या टेस्टपैकी बऱ्याच या खात्यात निघतात. स्टँडर्डने मोकळं सोडलेलं काहीतरी टेस्टने गृहीत धरलेलं असतं.

यादृच्छिक संख्या घ्या. ‘एमटी१९९३७’ इंजिन सगळीकडे तीच मालिका देतं. मूळ सीडवर (मालिका सुरू करणाऱ्या संख्येवर) दहा हजारावी संख्या ४१२३६५९९९५ आली पाहिजे, असं स्टँडर्डच सांगतं. पण त्यावरचं ‘युनिफॉर्म-इंट-डिस्ट्रिब्यूशन’ कसं लिहायचं हे लायब्ररीवर सोडलंय. त्यामुळे सीड ४२, फासा १ ते ६, आणि अपेक्षित उत्तरांची यादी टेस्टमध्ये कोरलेली, ही टेस्ट एका लायब्ररीवर पास आणि दुसरीवर फेल होणारच. इंजिनची कच्ची संख्या वापरून स्वतःचं छोटं रूपांतर लिहा. ‘शफल’लाही हेच लागू.

‘अनऑर्डर्ड-मॅप’चा क्रम आणि ‘सॉर्ट’मध्ये समान ठरलेल्या घटकांचा आपसातला क्रम तिन्ही लायब्ररींत वेगळा निघू शकतो. अपेक्षित आउटपुटची फाइल जुळवणाऱ्या टेस्ट इथे पडतात. छापण्याआधी क्रम लावा किंवा ‘स्टेबल-सॉर्ट’ वापरा. एका कॉलमध्ये दोनदा ‘पुढचा टोकन दे’ म्हटलं असेल तर क्लँग डावीकडून सुरू करतो, जीसीसी अनेकदा उजवीकडून. दोन ओळी करा. ‘लाँग’ ६४ बिटी लिनक्सवर ८ बाइटचा आणि ६४ बिटी विंडोजवर ४ चा. ‘चार’ इंटेलवर चिन्हासकट, एआरएम लिनक्सवर चिन्हाविना, आणि अ‍ॅपलच्या एआरएमवर पुन्हा चिन्हासकट.

दशांश संख्यांमध्ये एआरएम६४ वर शेवटचे अंक हलतात. गुणाकार आणि बेरीज एकाच सूचनेत उरकायची मुभा जीसीसी सढळपणे घेतो, क्लँग १४ पासून फक्त एका एक्स्प्रेशनच्या आत घेतो. टेस्ट बिल्डमध्ये दोघांनाही ‘एफपी-काँट्रॅक्ट’ बंद करून द्या. साइन, घात यांसारखी फंक्शन तरीही सिस्टमच्या लायब्ररीतून येतात, तिथे सहनसीमा स्वतः ठरवा. गूगलटेस्टचं ‘डबल-इक्यू’ फक्त ४ यूएलपीपर्यंतचा (शेजारच्या दोन दशांश संख्यांमधल्या अंतराच्या चौपटीपर्यंतचा) फरक चालवून घेतं.

आता मराठीत काम करणाऱ्यांना हमखास भेटणारी गोष्ट. टेस्टमध्ये ‘यू८’ उपसर्ग लावलेली ‘मराठी’ ही स्ट्रिंग आहे. म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी: पाच कोडपॉइंट, प्रत्येकी ३, म्हणजे १५ बाइट. जीसीसी आणि क्लँगवर १५ च येतात. विंडोजचं कोडपेज (अक्षरांचा तक्ता) युरोपीय अक्षरांचं १२५२ असेल, फाइलला बीओएम (सुरुवातीची एन्कोडिंग सांगणारी खूण) नसेल आणि ‘यूटीएफ-८’ फ्लॅग दिलेला नसेल, तर एमएसव्हीसी फाइलमधला प्रत्येक बाइट स्वतंत्र युरोपीय अक्षर समजतो आणि त्याचं पुन्हा यूटीएफ-८ करतो. चौदा बाइट दुप्पट होतात, वेलांटीचा शेवटचा बाइट युरोचं चिन्ह बनून ३ बाइट घेतो. लांबी ३१. उपसर्ग नसलेली साधी स्ट्रिंग मात्र बाइट जसेच्या तसे फिरून आल्यामुळे योगायोगाने बरोबर दिसते, म्हणून दोष भलतीकडेच शोधला जातो. ही १५ ची तपासणी ‘स्टॅटिक-असर्ट’ म्हणून टेस्टमध्ये कायमची ठेवा.

पायरी ९: सॅनिटायझर

यूबीसॅन (स्टँडर्डने अर्थच न ठरवलेलं वर्तन पकडणारा सॅनिटायझर) चूक सापडली की छापतो आणि पुढे चालतो; प्रोसेसचा निकाल ० राहतो आणि सीटेस्ट खूश. ‘नो-सॅनिटाइझ-रिकव्हर=ऑल’ दिल्याशिवाय तो लावण्यात अर्थ नाही. एमएसव्हीसीकडे यूबीसॅन नाही. एसॅन (मेमरीच्या चुका पकडणारा) व्हिज्युअल स्टुडिओ २०१९ च्या १६.९ पासून आहे, पण गळती शोधत नाही, आणि सीमेक डीबगमध्ये घालतं त्या ‘आरटीसी१’सोबत चालत नाही, त्या प्रीसेटमध्ये तो काढावा लागतो. एमसॅन (किंमत न दिलेली मेमरी वाचल्याचं पकडणारा) फक्त क्लँगमध्ये, आणि त्याला स्टँडर्ड लायब्ररीही त्याच फ्लॅगने बिल्ड केलेली लागते. तेवढी तयारी नसेल तर नादी लागू नका, खोट्या तक्रारींत दिवस जातो.

पायरी १०: सीआय

मॅट्रिक्समध्ये (सीआयवरच्या सगळ्या कंपायलरच्या जॉबच्या यादीत) ‘फेल-फास्ट’ बंद करा. नाहीतर जीसीसी पडला की बाकीचे जॉब मध्येच मारले जातात, आणि चूक एकट्याची की सगळ्यांची हेच कळत नाही. सीटेस्टला ‘नो-टेस्ट्स=एरर’ आणि ‘आउटपुट-ऑन-फेल्युअर’ द्या; एकही टेस्ट न सापडणं हे एरवी त्याच्या लेखी यशच असतं. सीटेस्टच्या ‘-एन’ने मिळणारा एकूण आकडा प्रत्येक जॉबमध्ये छापा आणि जुळवा. लिनक्सवर ४१२ आणि विंडोजवर ३९७ असतील तर मधल्या १५ टेस्ट कोणत्या अटीमागे गेल्या, ते नावानिशी सांगता आलं पाहिजे.

‘जीटेस्ट-डिस्कव्हर-टेस्ट्स’ला यादी मिळवायला मुळात ५ सेकंदच मिळतात. एसॅन लावलेला बिल्ड लोडावलेल्या मशीनवर तेवढ्यात उठत नाही आणि बिल्डच फेल होतो. ती मर्यादा ६० करा. सीकॅश (आधी कंपाइल झालेलं साठवून ठेवणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर तो कंपायलरची ओळख फाइलच्या तारखेवरून आणि आकारावरून ठेवतो. दर वेळी नव्याने उभ्या राहणाऱ्या कंटेनरमध्ये ‘कंपायलर-चेक’ला ‘कंटेंट’ द्या.

प्रत्येक बिल्डमध्ये एक ओळखपरेडची टेस्टही हवी: कंपायलरचं नाव, आवृत्ती, स्टँडर्ड लायब्ररी आणि ‘एनडीबग’ची स्थिती छापणारी, आणि प्रीसेटने सांगितलेल्या नावाशी जुळत नसेल तर पडणारी. तिच्या शेजारी मुद्दाम असर्ट मोडणारी दुसरी टेस्ट ठेवा, गूगलटेस्टच्या ‘डेथ टेस्ट’ प्रकारातली. असर्ट बंद असलेल्या प्रीसेटमध्ये ती आपोआप लाल होते.

नवा कंपायलर आणताना त्याचा जॉब आधी ‘कंटिन्यू-ऑन-एरर’वर ठेवा, पण तारीख घालून, दोन आठवडे पुरतात. त्या काळात वॉर्निंग नुसत्या मोजा, एरर करू नका. आधी हेडरच्या चुका काढा, मग पायरी ८ मधल्या टेस्ट, आणि वॉर्निंग सर्वांत शेवटी. तारीख उलटल्यावर जॉब सक्तीचा होतो किंवा मॅट्रिक्समधून जातो. कायम लाल राहून कोणी न बघणारा जॉब तिसरा पर्याय म्हणून ठेवू नका.